राजाचा माळी

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकची दृश्यं आठवतायत? रोज अंधार पडायच्या सुमारास एका बागेतल्या गोल हौदावरून, भल्यामोठ्या फुग्याला टांगलेली ज्योत वर जायची आणि खाली हजारो मोबाइल एकाच वेळी वर व्हायचे. ती बाग ट्यूलरीची. घोडेस्वारीच्या स्पर्धा शहराबाहेर होत्या. व्हर्सायच्या राजवाड्यामागे एक लांबलचक कालवा आहे, त्याच्या टोकाशी. आपला अनुष अगरवाला ड्रेसाजमध्ये तिथेच उतरला होता. आणि ट्यूलरीत उभं राहून पश्चिमेला पाहिलं की फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ जाणारा जो रस्ता दिसतो, तो शाँझेलिझे. जगातल्या सगळ्यात जास्त फोटो काढल्या जाणाऱ्या रस्त्यांपैकी एक.

बाग, कालवा आणि रस्ता. या तिन्हींची आखणी एकाच माणसाची. तो मंत्री नव्हता, सेनापती नव्हता. माळी होता. माळ्याचा मुलगा आणि माळ्याचा नातू. नाव आंद्रे ल नोत्र.

व्हर्सायला जाणारे बहुतेक लोक त्याला न भेटताच परततात. पॅरिसहून लोकल ट्रेन पकडायची, रांगेत उभं राहायचं, आरसेमहालात मान वर करून छत बघायचं, गर्दीत कसाबसा सेल्फी काढायचा, पाय दुखले म्हणून कॉफी प्यायची आणि परत. बाग खिडकीतून पाहिली की झालं. पण राजवाड्यामागच्या गच्चीवर दोन मिनिटं उभं राहिलात, तर समोर जे दिसतं ते त्या आरशांपेक्षा कितीतरी मोठं धाडस आहे. आजचं व्हर्सायचं सगळं आवार मिळून सुमारे आठशे हेक्टर, म्हणजे दोन हजार एकर भरतं. आणि एवढ्या जमिनीवर माणसाची नजर एका सरळ रेषेत थेट क्षितिजापर्यंत जाते. मधे काहीही आडवं येत नाही. ही रेषा आपोआप तयार झालेली नाही. तिथे आधी दलदल होती, झाडी होती, टेकाडं होती.

आंद्रेचा जन्म १२ मार्च १६१३चा, पॅरिसमधला. आजोबा पिएर ट्यूलरीच्या शाही बागेत माळीकाम करायचे. वडील जाँ त्याच बागेत हेड माळी. घर बागेच्या कडेलाच. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याची धर्ममाता झाली तीही दुसऱ्या एका नामांकित शाही माळ्याची, क्लोद मोलेची बायको. म्हणजे सगळं गोतच मातीतलं. तेव्हाच्या फ्रान्समध्ये अशा नोकऱ्या घराण्यात चालायच्या. बापाची जागा मुलाला. आंद्रेचं पुढे काय होणार, हे ठरल्यातच जमा होतं.

पण वडिलांनी एक गोष्ट वेगळी केली. मुलाच्या हातात खुरपं द्यायच्या आधी ब्रश दिला. त्याला सिमों व्हुए या राजदरबारी चित्रकाराच्या स्टुडिओत शिकायला पाठवलं. तिथे तो रेखाटन शिकला, भूमिती शिकला आणि मुख्य म्हणजे पर्स्पेक्टिव्ह शिकला. लांबची वस्तू लहान का दिसते, समांतर रेषा दूर जाऊन मिळाल्यासारख्या का वाटतात, डोळ्याला फसवायचं कसं, हे सगळं. याच स्टुडिओत त्याची शार्ल ल ब्रँशी ओळख झाली. हा पुढे राजाचा मुख्य चित्रकार झाला. ही मैत्री दोघांनाही आयुष्यभर पुरली.

चित्रकलेची आवड ल नोत्रने कधी सोडली नाही. पुढे पैसा हाती आल्यावर त्याने पूसाँ, क्लोद लोरँ अशा मोठ्या चित्रकारांची चित्रं जमवली. पण स्वतः चित्रकार झाला नाही. तो बागेत परत आला. १६३५ साली राजाच्या भावाकडे, ऑर्लेआँच्या गास्तोंकडे, माळी म्हणून लागला आणि १६३७ साली वडिलांच्या जागेचा हक्क त्याच्या नावे झाला. १६४० साली फ्राँस्वाज लाँग्ल्वा हिच्याशी लग्न झालं. त्यांना तीन मुलं झाली. तिन्ही लहानपणीच गेली. तीन पिढ्या चालत आलेलं माळीकाम सरळ हाती द्यायला त्याच्यामागे कुणी उरलं नाही.

यानंतरची वीस वर्षं तो काम करत राहिला. सरकारी पदं मिळत गेली, राजाच्या बागांचे आराखडे करायचं काम मिळालं, बांधकाम खात्यात वरची जागा मिळाली. पण नाव म्हणावं असं झालं नव्हतं. आजच्या ‘थर्टी अंडर थर्टी’ वगैरे याद्या तेव्हा असत्या तर त्यातल्या एकीतही तो आला नसता. त्याला त्याचं मोठं काम मिळालं तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. ते काम राजाचं नव्हतं, आणि घोटाळा नेमका तिथेच झाला.

निकोला फुके हा फ्रान्सचा अर्थमंत्री. श्रीमंत, रसिक आणि थोडा जास्तच हौशी. पॅरिसच्या आग्नेयेला व्हो-ल-व्हिकोंत इथे त्याला महाल बांधायचा होता. त्याने तीन माणसं निवडली. बांधकामाला लुई ल व्हो, आतल्या सजावटीला ल ब्रँ आणि बागेला आंद्रे ल नोत्र. या तिघांनी मिळून जे उभं केलं, तसं फ्रान्सने आधी पाहिलं नव्हतं.

ही बाग आजही आहे आणि व्हर्सायपेक्षा तिथे गर्दी खूप कमी असते. तिथली गंमत समजून घ्यायला चालावं लागतं. महालाच्या पायऱ्यांवरून पाहिलं तर समोर गालिच्यासारखे वाफे, पुढे हौद, आणि हौदाच्या अगदी काठावर दगडी कमानींची एक भिंत. सगळं कसं चित्रासारखं, एका नजरेत मावणारं. तुम्ही निघता. चालता, चालता, आणि ती भिंत मागे मागे सरकायला लागते. हौदाशी पोहोचलात की कळतं, मधे जमीन एकदम खाली उतरलीय आणि त्या खोलगटात एक अख्खा कालवा आडवा पसरलाय. सुमारे एक किलोमीटर लांबीचा! पायऱ्यांवरून तो दिसतच नव्हता. शिवाय लांबचे हौद जवळच्यांपेक्षा मोठे केलेले. लांब गेल्यावर वस्तू लहान दिसते ना? मग ती आधीच मोठी करून ठेवायची, म्हणजे डोळ्याला अंतर कळणारच नाही. चित्रकाराच्या स्टुडिओत शिकलेला धडा त्याने कॅनव्हासऐवजी जमिनीवर गिरवला होता.

१७ ऑगस्ट १६६१. फुकेने राजाला मेजवानीला बोलावलं. चौदावा लुई तेव्हा २२ वर्षांचा, म्हणजे साधारण तुमच्याच वयाचा. राज्याचा कारभार नुकताच स्वतःच्या हातात घेतलेला. जेवणाचा थाट, मोलिएरचं नवंकोरं नाटक, कारंजी, आतषबाजी. सगळं डोळे दिपवणारं आणि सगळं राजाकडे होतं त्याहून सरस. राजाने पाहिलं, पाहुणचार घेतला आणि परत गेला. तीन आठवड्यांच्या आत, ५ सप्टेंबरला, नाँत शहरात फुकेला अटक झाली. अटक करणारा मस्केटिअर होता द’आर्तान्याँ. हो, ज्याच्यावरून पुढे कादंबरी आणि सिनेमे निघाले तोच. सरकारी पैसा खाल्ल्याचा ठपका होता. अटकेचा बेत मेजवानीच्या आधीच शिजत होता असं इतिहासकार सांगतात, त्यामुळे एका पार्टीने माणूस बुडाला हा किस्सा थोडा तिखटमीठ लावलेला आहे. पण फुके बुडाला हे खरं. उरलेलं आयुष्य त्याने आल्प्समधल्या किल्ल्यात कैदेत काढलं आणि १६८० साली तिथेच मेला.

आणि त्याची टीम? ती राजाने उचलली. ल व्हो, ल ब्रँ, ल नोत्र, तिघेही. बागेतली संत्र्याची झाडंसुद्धा नेली. ज्या मालकासाठी तुम्ही आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं, तो तुरुंगात. आणि ज्याने त्याला तुरुंगात टाकलं, तोच तुमचा नवा बॉस. अशा वेळी माणसाने काय करावं? ल नोत्रने नवी जमीन मोजायला घेतली.

जमीन वाईट होती. व्हर्सायला लुईच्या वडिलांचा शिकारीसाठी बांधलेला एक छोटा वाडा होता, बाकी दलदल आणि रान. दरबारातल्यांनाही ही जागा पसंत नव्हती. पण लुईचं मन तिथेच बसलं. १६६१पासून पुढे जवळजवळ चाळीस वर्षं ल नोत्र या जागेशी झुंजत होता. टेकाडं कापली, खड्डे भरले, चर खणून दलदलीचं पाणी काढलं. माती हलवायला हजारो माणसं, कधी कधी सैन्याच्या आख्ख्या पलटणी. टोपल्या, हातगाड्या, फावडी. जेसीबी वगैरे काही नाही, हे वेगळं सांगायला नको.

पूर्व-पश्चिम अशी मुख्य रेषा त्याने धरली. राजवाड्याच्या मधोमध सुरू होते, पायऱ्या उतरते, लातोनाच्या कारंज्यावरून जाते, मग ३३५ मीटर लांब हिरवळीचा पट्टा, मग अपोलोचं कारंजं, आणि त्यापुढे महाकालवा. कालव्याचं काम १६६८ साली सुरू झालं आणि अकरा वर्षं चाललं. लांबी १६७० मीटर, शिवाय आडवा फाटा वेगळा. रेषा पश्चिमेला जाते, त्यामुळे सूर्य मावळतो तो त्याच बाजूला. आणि लुई तर स्वतःला सूर्याचं रूप समजायचा. माळ्याने राजाची हौस बरोबर ओळखली होती.

कालव्यावर राजाने जहाजांच्या छोट्या प्रतिकृती तरंगवल्या. १६७४ साली व्हेनिसने दोन गोंडोला आणि चार नावाडी भेट पाठवले. त्यांच्यासाठी काठावर घरं बांधली, त्या जागेला आजही छोटं व्हेनिस म्हणतात.

रेषेच्या दोन्ही बाजूंना दाट झाडी आणि त्या झाडीत लपवलेल्या ‘खोल्या’. यांना बॉस्के म्हणतात. बाहेरून नुसत्या झाडांच्या कापलेल्या भिंती, आत शिरलं की एकदम कारंजं, पुतळे, नाचायला जागा. बॉलरूम नावाचं एक दालन अजून आहे. दगड आणि शिंपल्यांच्या पायऱ्यांवरून पाणी उतरतं आणि समोर हिरवळीच्या पायऱ्यांवर प्रेक्षक बसायचे. मुख्य रेषेवर सगळं उघडं, बाजूला सगळं गुपित. ल नोत्रला हे जास्त आवडायचं. नक्षीदार वाफ्यांचा त्याला तेवढा कळवळा नव्हता. दरबाराच्या आठवणी लिहून ठेवणाऱ्या सँ-सिमोंने नोंदवलंय, की असे वाफे म्हणजे मुलांना सोडून हलता न येणाऱ्या दायांनी वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघत बसायची गोष्ट, असं तो म्हणायचा. गंमत म्हणजे आज ‘फ्रेंच बाग’ म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना आधी तेच वाफे आठवतात.

एका बाबतीत मात्र राजा आणि माळी यांचं गणित जमणं अवघड होतं. वेळ. माळ्याचा हिशेब पंचवीस-पन्नास वर्षांचा असतो. रोप लावायचं, वाट बघायची. राजाला वाट बघायची सवय नव्हती. मग पूर्ण वाढलेली झाडं मुळांसकट उपटून आणली गेली. कोंपिएन्यच्या जंगलातून, नॉर्मंडीतून, फ्लँडर्समधून. गाड्यांवर घालून शेकडो मैल. त्यातली किती जगायची? बरीच मरायची. मेली की नवी आणायची.

झाडं आणता आली. पाणी आणता येईना.

व्हर्सायची खरी गोष्ट इथे आहे आणि गाइड ती घाईघाईत उरकतात. राजवाडा उंचवट्यावर, जवळ मोठी नदी नाही. आणि बागेत तर कारंज्यांची रांगच रांग. आजसुद्धा पन्नासच्या आसपास कारंजी आणि सहाशेच्या वर फवारे आहेत, तेव्हा याहून कितीतरी जास्त होते. जवळच्या तळ्यांतून पंपाने पाणी चढवलं, पवनचक्क्या लावल्या, आजूबाजूच्या पठारावरचं पावसाचं पाणी चर खणून गोळा केलं. फ्रान्सीन घराण्यातल्या तंत्रज्ञांनी जमिनीखाली पाइपांचं जाळं विणलं. तरी सगळी कारंजी एकदम चालणं शक्य नव्हतं. मग काय केलं? राजा फिरायला निघाला की बागेतल्या पोऱ्यांनी पुढे नजर ठेवायची. राजा जवळ आला की शिट्टी. शिट्टी ऐकली की पुढच्या माणसाने चावी फिरवायची, कारंजं सुरू. राजा पुढे गेला की मागचं बंद. राजाला बागभर पाणी नाचताना दिसायचं. प्रत्यक्षात पाणी त्याच्यासोबत चालत असायचं! आपल्याकडे व्हीआयपी येणार म्हटल्यावर रातोरात रस्ता गुळगुळीत होतो, ते आठवल्याशिवाय राहत नाही.

राजाला हे पुरेना. सेन नदीवर मार्लीजवळ एक अवाढव्य यंत्र बसवलं. १४ चाकं, दोनशेच्या वर पंप, आणि पाणी दीडशे मीटरच्या आसपास उंच चढवायचं. १६८४ साली ते सुरू झालं. तेव्हाच्या युरोपने इतकं मोठं यंत्र पाहिलं नव्हतं. आवाज लांबवर जायचा, काही ना काही रोज मोडायचं, आणि त्याचं बरंचसं पाणी मार्लीच्या बागेतच मुरायचं. मग त्याहून मोठा बेत आला. अर नावाची नदी वळवायची. सुमारे ऐंशी किलोमीटर अंतरावरून कालवा काढायचा आणि मधे मँतनोंच्या दरीवरून दगडी कमानींचा भलामोठा जलसेतू. १६८५ साली काम सुरू झालं. युद्ध नव्हतं, सैन्य रिकामं होतं, म्हणून सैनिकच कामाला लावले. वीस-तीस हजार माणसं दलदलीत खणत होती. हिवतापाची साथ आली आणि हजारो सैनिक मेले. लढाईत नाही, कारंज्यांसाठी. १६८८ साली खरंखुरं युद्ध सुरू झालं, सैन्य आघाडीवर गेलं आणि काम थांबलं ते कायमचं. अरचं पाणी व्हर्सायला कधीच पोहोचलं नाही. मँतनोंच्या महालाच्या बागेत त्या अर्धवट कमानी आजही उभ्या आहेत. व्हर्सायची तिकिटं काढणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे फिरकतात. मला विचाराल, तर दोन्ही बघायला हव्यात. एक बाग, आणि एक तिचं बिल.

हे बिल ल नोत्रच्या नावावर टाकायचं का? जलसेतू त्याने आखला नव्हता, सैनिक त्याने पाठवले नव्हते. पण तहान त्याच्या बागेची होती. त्याच माणसाने शाँतिईला राजाच्या नातलगासाठी, प्रिन्स द कोंदेसाठी बाग केली तेव्हा आधी नदी बघितली. नोनेत नावाची छोटी नदी तिथे होतीच, ती वळवून त्याने सुमारे अडीच किलोमीटरचा कालवा भरला. तिथे शिट्ट्यांची गरज पडली नाही. पाणी कुठे असावं हे त्याला चांगलं कळत होतं. व्हर्सायची जागा मात्र त्याने निवडली नव्हती.

दरबार म्हणजे टोमण्यांचा आणि पाय ओढण्याचा कारखाना. १६८२ साली लुईने राजधानीचा सगळा पसाराच व्हर्सायला हलवला, त्यानंतर तर विचारू नका. अशा ठिकाणी ल नोत्रविषयी कुणी वाईट बोलत नसे, ही गोष्ट सँ-सिमोंला इतकी विशेष वाटली की त्याने ती लिहून ठेवली. आणि हा सँ-सिमों सहसा कुणाची गय न करणारा! त्याच्या मते ल नोत्र सरळ होता, साधा होता, आणि राजाशी बोलतानाही आपलं माळीपण विसरत नव्हता.

१६७५ साली राजाने त्याला सरदारकी दिली. सरदारकी म्हणजे घराण्याचं मानचिन्ह हवं. किस्सा असा, की ल नोत्रने गोगलगायी आणि कोबीचा गड्डा सुचवला. त्याच्या चिन्हात गोगलगायी खरोखरच आल्या.

१६७९ साली तो इटलीला गेला. वय ६६. रोममध्ये पोप अकरावे इनोसंट यांची भेट झाली. व्हर्सायचे नकाशे दाखवून झाले, पोप खूश झाले, आणि ल नोत्रला इतका आनंद झाला की त्याने सरळ पोपना मिठी मारली म्हणे. ही बातमी फ्रान्सला पोहोचली तेव्हा दरबारातल्या एकाने पैज लावली, की असं होणंच शक्य नाही. राजा हसला. मी मोहिमेवरून परत येतो तेव्हा तो मलाही मिठी मारतो, मग पोपना मारली तर नवल काय, अशा अर्थाचं काहीतरी बोलला. पैज बारगळली.

पुढे बांधकामांचा मुख्य झाला ज्युल आर्दुएँ-मांसार. वयाने तरुण, वेगवान, राजाच्या मर्जीतला. ल नोत्र इटलीहून परतल्यावर हळूहळू बागेतही दगड वाढायला लागला. झाडीतल्या एका दालनात मांसारने संगमरवरी खांबांचं गोल रिंगण उभं केलं. देखणं आहे, आजही तिथे रील करणाऱ्यांची गर्दी असते. राजाने मोठ्या हौसेने ते ल नोत्रला दाखवलं आणि मत विचारलं. म्हातारा गप्प. राजाने पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, की महाराजांनी गवंड्याला माळी केलं, त्याने आपल्या धंद्याला साजेसं काम केलं. यावर राजा रागावला नाही. आसपासचे मात्र गालातल्या गालात हसले असं सँ-सिमों सांगतो.

वयाच्या ऐंशीच्या घरात ल नोत्रने कामातून मोकळं व्हायची परवानगी मागितली. १६९३ साली आपल्या संग्रहातली निवडक चित्रं, ब्राँझच्या मूर्ती आणि इतर वस्तू राजाला देऊन टाकल्या. पूसाँ आणि लोरँची ती चित्रं आज लुव्रमध्ये आहेत. मोनालिसासमोरच्या गर्दीतून बाहेर पडून फ्रेंच चित्रांच्या दालनात गेलात तर पाटीवर खाली बारीक अक्षरात ल नोत्रचं नाव सापडू शकतं.

शेवटची भेट १७०० सालची. ल नोत्र ८७ वर्षांचा होता. राजाने त्याला बागेत फिरायला बोलावलं. स्वतः लुई साठीच्या पुढे होता, चाकांच्या खुर्चीतून फिरायचा. माळ्याला एवढं चालवणार नाही म्हणून त्याच्यासाठीही तशीच खुर्ची आणवली, आणि माणसं दोन्ही खुर्च्या शेजारी शेजारी ढकलत चालली. ज्या दरबारात कुणी राजासमोर बसायचं आणि कुणी उभं राहायचं यावरून भांडणं व्हायची, तिथे एक माळ्याचा मुलगा राजाच्या बरोबरीने बसून चालला होता. ल नोत्रला तेव्हा वडील आठवले. ते आज असायला हवे होते, असं तो बोलून गेला. एका गरीब माळ्याचा मुलगा जगातल्या सगळ्यात मोठ्या राजाशेजारी खुर्चीतून फिरतोय, हे त्यांनी पाहिलं असतं तर आपल्या आनंदात काही उणं राहिलं नसतं.

त्यानंतर साधारण महिन्याभराने, १५ सप्टेंबर १७०० रोजी तो गेला. पॅरिसमध्येच, ट्यूलरीच्या त्याच परिसरात. सँ-रोशच्या चर्चमध्ये त्याला पुरलं. त्याने बागकामावर पुस्तक लिहिलं नाही.

त्याने लावलेली झाडं आज नाहीत. व्हर्सायची झाडी पुढे सोळाव्या लुईच्या काळात तोडून नव्याने लावली. २६ डिसेंबर १९९९च्या वादळाने पुन्हा हजारो झाडं आडवी केली आणि पुन्हा लागवड झाली. पाइपांचं जाळं मात्र पुष्कळसं जुनंच आहे, सुमारे ३५ किलोमीटरचं, आणि पाणी अजून उतारानेच खेळतं. उन्हाळ्याच्या मोसमात ठरावीक दिवशी संगीताच्या साथीने कारंजी सोडतात, तेव्हा बागेला तिकीट लागतं. एरवी बाग बहुतेक दिवस फुकट असते. (तुमच्यापैकी कुणी शिकायला युरोपियन युनियनमधल्या देशात राहणार असेल आणि वय २६च्या आत असेल, तर राजवाडाही फुकट बघता येतो. जायच्या आधी नियम तपासा आणि सोमवार टाळा, त्या दिवशी राजवाडा बंद असतो.) राजवाडा आधी बघू नका. सकाळी सरळ गच्चीवर जा, पायऱ्या उतरा, आणि जवळ वाटणारा कालवा किती लांब आहे ते पायांना कळू द्या.

आणि पॅरिसला परत आलात की ट्यूलरीत जा. ल नोत्रने १६६४पासून ही बाग नव्याने आखली, तेव्हा कोलबेर या मंत्र्याला ती सामान्य लोकांसाठी बंद करायची होती. शार्ल पेरोने त्याचं मन वळवलं. सिंड्रेलाची गोष्ट लिहिणारा पेरो तो हाच. लोक इथे फिरायला येतात, मुलांना आणतात, ते नासधूस करत नाहीत, हे त्याने कोलबेरला बागेत फिरवून दाखवलं. बाग उघडी राहिली. बागेसमोरचा राजवाडा १८७१च्या बंडात जळाला, आणि १८८३ साली त्याचे उरलेसुरले अवशेषही पाडून टाकले. आज गोल हौदाभोवती हिरव्या लोखंडी खुर्च्या मांडलेल्या असतात. कुणीही यावं, खुर्ची ओढावी, हौदाच्या कठड्यावर पाय टाकावेत आणि सँडविच खात बसावं. समोर ती रेषा शाँझेलिझेच्या टोकापर्यंत गेलेली दिसते.